ऑडिशनला जाताना बोली घरी ठेवू नये

परवा संध्याकाळी दारात एक आई आणि तिची मुलगी उभ्या. मुलगी आमच्याच कॉलेजात, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. आईचं माहेर गोकाककडचं, कन्नड. वडील निपाणीचे, मराठी. म्हणजे आपल्या भागातलं अगदी ओळखीचं घर. आईशी कन्नड, आजीशी मराठी, आणि भांडण लागलं की दोन्ही.

"सर, हिला कोल्हापूरला ऑडिशनला बोलावलंय ओ. मराठी मालिका आहे म्हणे. आमच्यात कुणी असल्या ठिकाणी गेलेलं नाही. डायरेक्टरसमोर कसं उभारायचं, काय बोलायचं, तेवढं जरा सांगा की हिला."

मुलगी इतका वेळ गप्प होती. चहाचा कप खाली ठेवून तिनं एकच प्रश्न विचारला, "सर, मी बेळगावची आहे हे बोलण्यातनं कळू नये म्हणून काय करायचं?"

अभिनयाचं तिला काही विचारायचं नव्हतं. संवाद पाठ होते, आवाज चांगला होता, गॅदरिंगमध्ये तिनं एकांकिका गाजवलेली होती. भीती होती ती एवढीच, की दोन वाक्यं बोलल्यावर समोरचा माणूस हसेल. मंडळी, या प्रश्नाचं उत्तर मी तिला त्या संध्याकाळी अर्धंमुर्धं दिलं. उरलेलं आज लिहितो, कारण असे फोन आता वरचेवर येतात. कोल्हापुरात मालिकांची शूटिंग होऊ लागल्यापासून आपल्याकडच्या मुलामुलींना हे क्षेत्र एका एस.टी. च्या तिकिटाएवढं जवळ आलं आहे.

आधी माझीच फजिती सांगतो. एम. ए. करत असताना एका नाटकाच्या निवडीला गेलो होतो. आत गेल्या गेल्या मी काय म्हणावं? "मी बेळगावचा, उच्चार जरा सांभाळून घ्या." कुणी विचारलेलंही नव्हतं! दिग्दर्शकांनी एक उतारा वाचायला दिला. वाचून झाल्यावर म्हणाले, "आता हेच जरा हळू वाचा. हा माणूस रागावलेला नाही, दमलेला आहे." मी पुन्हा वाचायचं सोडून त्यांना समजावू लागलो, की हा माणूस रागावलेलाच कसा आहे. त्या नाटककारावर दोन-तीन पुस्तकं वाचून गेलो होतो ना! त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घड्याळाकडं बघितलं आणि "अभ्यास चांगला आहे" म्हणाले. मी खूश. दार उघडंच होतं, म्हणून पुढच्या मुलाचं वाचनही बघितलं. तो माझ्यापेक्षा अडखळत वाचत होता. पण "दमलेला आहे" म्हटल्यावर तो सरळ जमिनीवर बसला, भिंतीला टेकला आणि हळूहळू बोलू लागला. भूमिका त्याला मिळाली. कुणावर अन्याय झाला असं मला आजही वाटत नाही.

पुढं कॉलेजच्या एकांकिका बसवायला लागलो आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत स्वतःच बसू लागलो, तेव्हा कुठं कळलं की त्या खुर्चीतला माणूस परीक्षक नसतो. तो अडचणीत असतो. त्याच्याकडं एक भूमिका रिकामी आहे, तारीख जवळ येते आहे, आणि दारातून आत येणारं पुढचं पोर तरी ते असावं अशी त्याची मनापासून इच्छा असते. आपण आत जातो ते न्यायाधीशासमोर गेल्यासारखे, आणि तो बिचारा वाट बघत असतो!

आता भाषेचं. मुलीला मी विचारलं, "सुलोचनाबाई कुठल्या माहीत आहे?" तिला सुलोचनाबाई ठाऊक होत्या, हिंदी सिनेमातली आई म्हणून. गाव ठाऊक नव्हतं. तिच्या आईलाही नाही. आपल्या निपाणीजवळचं खडकलाट. 30 जुलै 1928 ला तिथं जन्मलेली ही मुलगी 1943 च्या सुमारास कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये दाखल झाली. बोलणं अस्सल गावाकडचं. त्याची थट्टाही झाली. पुढं जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या हाताखाली आली. भालजींनी तिला वाचायला लावलं, उच्चारांवर मेहनत करून घेतली, आणि डोळ्यांवरून सुलोचना हे नावही दिलं. 'वहिनींच्या बांगड्या' 1953 चा, 'मोलकरीण' 1963 चा, आणि 1964 च्या 'मराठा तितुका मेळवावा'मधल्या त्यांच्या जिजाबाई तर आमच्या आईच्या पिढीनं देव्हाऱ्यात ठेवाव्यात तशा मनात ठेवल्या होत्या. 1999 साली पद्मश्री, 2009 चा महाराष्ट्रभूषण. 4 जून 2023 ला त्या गेल्या.

या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटतो तो भालजींसमोरचा काळ. खडकलाटच्या मुलीनं आपली भाषा लपवली नाही. लपवता आलीही नसती. आणि शिकायला सांगितल्यावर "मी अशीच बोलणार" असंही म्हटलं नाही. जे होतं ते समोर ठेवलं, जे सांगितलं ते केलं. दिग्दर्शकाला नटाकडून याहून जास्त काय हवं असतं?

आता दुसरं टोक बघा. नागराज मंजुळेंचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 ला आला. त्यातली आर्ची, म्हणजे रिंकू राजगुरू, अकलूजची शाळकरी मुलगी. तिचं बोलणं सोलापूरकडच्या वळणाचं, आणि दिग्दर्शकाला नेमकं तेच हवं होतं. तिनं ऑडिशनला जाताना पुण्याचं मराठी पाठ करून नेलं असतं तर? गंमत म्हणजे याच मुलीनं 2017 साली 'मनसु मल्लिगे' या कन्नड रूपातही तीच भूमिका केली. आपल्याकडच्या किती घरांत आईनं कन्नड आणि मुलांनी मराठी सिनेमा बघून मग जेवताना वाद घातला असेल!

तेव्हा खडकलाटच्या मुलीची बोली घडवावी लागली आणि अकलूजच्या मुलीची तशीच ठेवावी लागली. यातलं कुठलं करायचं हे दिग्दर्शक ठरवतो, कारण गोष्ट त्याच्या डोक्यात आहे. आपण दारातच ते ठरवून गेलो, बोली पुसून गेलो, तर त्याच्यासमोर निवड करायला काही उरतच नाही. शिवाय पुसलेली बोली ऐकू येते. आपल्याकडचा मुलगा पुणेरी बोलायला लागला की तिसऱ्या वाक्याला त्याचा श्वास अडखळतो, लक्ष सगळं जिभेवर जातं आणि चेहरा कोरा पडतो. कॅमेरा चेहरा टिपतो.

आणि बेळगावच्या मराठीची लाज कशाला? पु. ल. देशपांडे इथं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. त्यांनी रंगवलेले रावसाहेब हरिहर अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहेत, ते त्या कानडी हेलासकट. हेल काढून टाका, रावसाहेब उरतात का?

अर्थात प्रमाण मराठी येऊच नये असं मी म्हणत नाही. भाषेचा मास्तर आहे, तसं म्हणून चालणारच नाही. येत असेल तर उत्तम. दिग्दर्शकानं विचारलं तर सरळ सांगावं, "घरी असं बोलते, मंचावर असंही बोलता येतं, आणि कन्नड लिहिता-वाचता येतं." एवढं बोलताना मान खाली घालू नये. बेळगावात जन्मलेले अतुल कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून 1995 ला बाहेर पडले. पुढं त्यांनी मराठी, हिंदी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत कामं केली. 2010 च्या 'नटरंग'मधला त्यांचा गुणा आपल्या शेजारच्या कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीतला. दोन भाषा येणं हा आपल्याकडं दोष समजला जातो तो फक्त आपल्यालाच.

पूर्वी हा प्रश्न इतका टोकदार नव्हता, कारण ऑडिशन हा प्रकारच नव्हता. होती ती नाटक कंपनी आणि तिथली तालीम. मुलगा आवाजावर कंपनीत घेतला जाई आणि मग तालीम मास्तर त्याला महिनोन्‌महिने घडवत. किर्लोस्कर मंडळींचे अण्णासाहेब आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांच्याकडं शिकलेले गोविंद बल्लाळ देवळ पुढं कंपनीचे तालीम मास्तर झाले. 1905 मध्ये नारायण राजहंस नावाचा मुलगा कंपनीत आला, मिरजेला शकुंतला म्हणून उभा राहिला, आणि त्याच्या मागंही देवळांची तालीम होती. बालगंधर्व एका दिवसात निवडले गेले असते की नाही, कोण जाणे. एणगी बाळप्पांसारखे आपल्या जिल्ह्यातले कन्नड नटही अशाच कंपन्यांतून वाढले.

आज महिने नाहीत. मिनिटं आहेत, तीही पाचच्या आतली. मग त्या पाच मिनिटांत काय करायचं?

पहिली गोष्ट, पाया पडत सुटू नका. आपल्याकडं मोठ्यांच्या पाया पडणं ही चांगली रीत आहे, पण छोट्या खोलीत कॅमेरा, दिवा आणि चार माणसं असताना प्रत्येकाच्या पायाशी वाकायला गेलं की वायरीत पाय अडकतो. (हे मी पाहिलेलं आहे.) एक नमस्कार सगळ्यांना मिळून पुरतो. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते, तिथं उभारायचं. बऱ्याचदा पहिल्या फेरीला दिग्दर्शक तिथं नसतोच. कॅमेऱ्यामागं एखादा पंचविशीतला सहाय्यक असतो, जीन्समधला. "हा पोरगा काय बघणार" असं वाटू देऊ नका. तुमचं चित्रण पुढं पाठवायचं की नाही हे तो बघत असतो, आणि तुम्ही त्याच्याशी कसं बोललात हेही सांगत असतो.

मग नाव, वय, उंची, गाव विचारतात. चेहरा डावीकडून, उजवीकडून दाखवायला सांगतात. इथं उगाच अभिनय करू नका. गावाचं नाव मोठ्यानं सांगा. येत नसलेली गोष्ट येते म्हणू नका. पोहता येतं का, मोटरसायकल येते का, असं विचारतात. येत नसेल तर "येत नाही, शिकेन" हे पूर्ण उत्तर आहे. आमच्या एका विद्यार्थ्यानं घोडा येतो म्हणून सांगितलं होतं. पुढचं सांगत नाही, तो हा अंक वाचतो.

संवादाचा कागद हातात आल्यावर एखादा प्रश्न जरूर विचारावा. "मी कुणाशी बोलतेय? याच्या आधी काय घडलंय?" असा. नवऱ्याशी बोलते की सासऱ्याशी, यावर सगळं बदलतं, आणि दिग्दर्शकालाही कळतं की पोरगी कागदापलीकडं बघते आहे. पण "मला सगळी गोष्ट सांगा" असं म्हणू नये. मध्येच चुकलं तर "सॉरी सॉरी" करत कपाळावर हात मारू नये, तशीच पुढं जा, किंवा शांतपणे एकदा "पहिल्यापासून करू का?" विचारा.

आता सगळ्यात मोलाचा क्षण. तुमचं करून झालं आणि दिग्दर्शक म्हणाला, "आता हेच वेगळं करून दाखव. रडू नको, हसत बोल." आपल्या मुलांचा चेहरा इथं पडतो. वाटतं, चुकलं, गेलं काम. अहो, उलटं आहे! ज्याच्यात काही दिसत नाही त्याला "थँक यू, कळवतो" म्हणतात. पुन्हा करायला सांगतो तो वेळ खर्च करत असतो. त्याला बघायचं असतं की हिला सांगितलेलं ऐकू जातं का, ऐकलेलं अंगात उतरतं का. उद्या सेटवर तीस-चाळीस माणसं खोळंबलेली असताना तिला काही सांगावं लागलं तर ती फुगून बसेल की करून बघेल? राष्ट्रीय नाट्य विद्यालयातही पहिल्या चाचणीनंतर निवडक मुलांना दिल्लीला बोलावून काही दिवसांची कार्यशाळा घेतात, तेही याचसाठी. पाठ केलेलं भाषण कुणीही म्हणतं.

तेव्हा "आमच्या सरांनी असंच बसवलं होतं" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. सर मीच असलो तरी! सांगितलेलं पटलं नाही तरी आधी करून दाखवावं. कळलं नसेल तर "म्हणजे आतून राग आहे, पण दाखवायचा नाही, असं?" इतकं विचारावं. फरक मात्र दिसला पाहिजे. दुसऱ्या वेळीही तसंच केलं आणि आवाज तेवढा वाढवला, असं आमच्याकडं दहांतली आठ मुलं करतात.

आजकाल पहिली फेरी मोबाईलवरच होते, घरी चित्रण करून पाठवायचं. मोबाईल आडवा, मागं कोरी भिंत, पंखा बंद, आणि समोरचे संवाद वाचायला कुणीतरी, कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून. हे काम आईला दिलं तरी चालतं, फक्त आईनं अभिनय करायचा नाही. आमच्या या मुलीच्या पहिल्या फेरीत समोरचे संवाद आईनं कन्नड हेलात असे ठसक्यात वाचले होते, की मला तर आईलाच बोलावलं पाहिजे होतं असं वाटलं.

आई-वडिलांनाही दोन शब्द. सोबत जरूर जा. लहान मूल असेल तर गेलंच पाहिजे. पण मुलीला विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देऊ नका. "आमची पोरगी पहिल्यापासून हुशार बघा" हे दिग्दर्शकानं त्या दिवशी वीस वेळा ऐकलेलं असतं. परीक्षेच्या तारखा मात्र मुलीनंच आधी सांगून टाकाव्यात. काम मिळाल्यावर सेमिस्टर आठवलं की दोन्हीकडं पंचाईत होते, आणि मग निस्तरायला सर आहेतच.

आणि ऐकायचं म्हणजे काहीही ऐकायचं असं नव्हे. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणी, पोर्टफोलिओ, "कार्ड करून देतो" असं म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. ऑडिशन ऑफिसात, हॉलमध्ये, स्टुडिओत होते. लॉजच्या खोलीत रात्री आठनंतर होत नाही. प्रसंग अंगाला हात लावण्याचा असेल, कपड्यांबद्दल काही असेल, तर "हे मी करणार नाही" असं म्हणायचा हक्क नव्या मुलीलाही आहे, आणि तेवढ्यानं काम जाणार असेल तर जाऊ दे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, तो सिनेमा-नाटकाच्या ठिकाणालाही लागू आहे. ऐकणारा नट आणि वाकणारा नट यांत चांगला दिग्दर्शक फरक करतो.

निघताना "माझं झालं का हो?" विचारू नये. "येते" म्हणावं आणि यावं. रोज फोन करू नये.

तर आमची ही मुलगी आईबरोबर सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला जाऊन आली. दुपारी दोनपर्यंत बसवून ठेवलं. आत गेल्यावर गाव विचारलं, तिनं "बेळगाव" म्हटलं. प्रसंग सासूशी भांडणाचा होता. एकदा केल्यावर दिग्दर्शिका म्हणाल्या, "घरी आईशी भांडतेस ना? तसं भांड." पोरगी म्हणे दोन सेकंद थांबली, म्हणाली, "घरी मी कन्नडमध्ये भांडते, मॅडम." खोलीतले सगळे हसले. ज्या हसण्याची तिला भीती होती ते हे नव्हतं. "मग आधी कन्नडमध्ये भांड, नंतर तेच मराठीत आण," असं त्यांनी सांगितलं. तिनं तसं केलं. बाहेर बाकावर बसलेल्या आईला आतलं कन्नड ऐकू आलं आणि ती घाबरून उठली, की पोरगी खरंच कुणाशी भांडायला लागली की काय!

अजून काही कळवलेलं नाही. मुलगी काल वर्गात होती, नेहमीच्या बाकावर. संध्याकाळी आईचा फोन आला. मला वाटलं निकाल लागला. तर म्हणाल्या, "सर, परत बोलावलं तर भाकरी बांधून न्यायला चालते का ओ? तिथं दोन वाजेपर्यंत नुसता चहा."